प्रेमकथांच्या यादीत

मेव्हण्यानं "बसा" म्हटलं नाही, तरी मेकॅनिक बसला. लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून तो तसाच आला होता. हातांना ग्रीसचा वास होता. टेबलावर त्याच्या बायकोची कादंबरी पडली होती, छपाईला निघालेली. बायको जाऊन सहा महिने झाले होते. प्रकाशन तिच्या थोरल्या भावाचं, म्हणजे या मेव्हण्याचंच, पण सही लागत होती नवऱ्याची.

"सही करा जावईबापू, आणि मोकळे व्हा."

"वर 'प्रेमकथा' का लिहिलंय?"

"कारण आत प्रेम आहे. तुम्हाला दिसलं नसेल."

"फँटसी आहे ही."

मेव्हणा खदाखदा हसला. "ऐका! लिफ्टची बटणं दाबणारे मला कादंबऱ्या शिकवतायत. ती होती तोवर एक पान तरी उलटलंत?"

घाव वर्मी बसला. ती लिहायला बसली की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

"नाही उलटलं. ती गेल्यावर चार वेळा वाचलं. लिफ्ट अडली की मी एकेक भाग सोडवून बघतो, नेमकी कशावर चालते ते. इथंही तेच केलं. राणीचं आणि नावाड्याचं प्रेम बाजूला काढलं. तरी तळं आटवणारा शाप उरतो, लढाई उरते, गोष्ट चालते. मग शाप काढला. काठावर दोन माणसं नुसती बसून राहिली. गोष्ट ठप्प."

"एवढं आम्हालाही कळतं हो. पण फँटसीच्या कपाटाकडे कुणी फिरकत नाही. प्रेमकथा हातोहात जाते. अट एकच, शेवटी दोघं एकत्र यायला हवीत. नाही आली तर वाचक आमच्या नावानं बोटं मोडतात."

"म्हणून ही दोन पानं घुसडलीत? तिनं नावाडी बुडवलाय. तुम्ही त्याला उठवून राणीच्या गळ्यात मारलंत."

"माझी बहीण होती ती! तिचं पुस्तक घरोघरी जावं म्हणून जिवाचा आटापिटा करतोय. तुम्हाला ते धूळ खात पडायला हवंय?"

तिलाही घरोघरी जायचंच असणार. त्यानं पेन उचललं. मेव्हण्यानं कागद पुढे सरकवला.

शेजारच्या पानावर मेव्हण्याची ओळ होती: नावाड्यानं डोळे उघडले.

"दादा," मेकॅनिक म्हणाला, "दोन पानं लिहून मेलेलं माणूस उठत असतं, तर मी घरी दुसरं काय केलं असतं?"

मेव्हण्यानं नजर वळवली, पण क्षणभरच. "आयुष्यभर तिला कोपऱ्यात ठेवलंत. आता मेल्यावरही ठेवा."

"ठेवलं, खरंय. पण तिचा शेवट बदलणार नाही."

त्यानं 'प्रेमकथा' खोडलं, दोन्ही पानांवर आडवी रेघ मारली आणि मग सही केली. "असं छापायचं तर छापा. नाहीतर आत्ता परत द्या."

मेव्हण्यानं गठ्ठा ओढला आणि छपाईच्या ट्रेमध्ये आदळला.

"निघा. पुन्हा इथं पाय ठेवू नका."

"प्रुफं तपासायला येईन."

"तुम्ही?"

"तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही," मेकॅनिक म्हणाला आणि उठला.