चुळीचं लाल पाणी

लाए शहराच्या बाजारात गेदिसाचं सुपारीचं फडकं पसरलेलं नाही असा दिवस विरळाच. पांढऱ्या दातांचा माणूस दिसला की ही त्याला विचारणार, "काय रे, आजारी आहेस का?" स्वतःचे दात लालभडक, जीभ त्याहून तिखट.

लेक दमारिस पोटुशी राहिली, अन्न पाहिलं तरी उलटी. आईने औषध दिलं ते हेच. "चघळ गं, चुना लावून. मळमळ कुठच्या कुठे पळते बघ." पोरीने चघळली.

पुढे एकदा ती म्हणाली, "आई, हिरड्या सुजल्यात. थुंकी लाल येतेय."

गेदिसा खो खो हसली. "अगं बये, सुपारी खाऊन काय निळी येणार?" शेजारच्या बायकाही हसल्या. दमारिस ओशाळली, तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

पण एका सकाळी, अजून सुपारी फोडलीही नव्हती, तेव्हा पोरीने चूळ भरली आणि पाणी लाल पडलं. गेदिसाने ते पाहिलं. पाहिलं आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

सातव्यातच मुलगी झाली, मूठभर. इस्पितळातल्या नर्सने दमारिसचा ओठ वर करून पाहिला. "हिरड्यांत पू झालाय. अशानेही बाळ लवकर येऊ शकतं. त्यानेच आलं असं छातीठोक कुणी सांगणार नाही. पण आधी दाखवलं का नाही?"

दमारिसची नणंद टपूनच होती. "दाखवतेय कशाला! डोक्याला रताळ्यांची झोळी अडकवून डोंगर चढत होती महाराणी. पोर जगली नाही तर माझ्या भावाला काय तोंड दाखवणार?"

"माझंच चुकलं," दमारिस खाली मान घालून म्हणाली.

गेदिसाने मनाशी हिशेब केला. गप्प बसलं तर लेक आपली, जगली तर नातही आपली. बोललं तर दोघीही हातच्या जाणार. पण लेकीची ती खाली घातलेली मान तिला बघवेना.

"ए बाई, झोळीला नावं ठेवू नकोस," ती नणंदेवर खेकसली. मग तिने लेकीकडे बोट दाखवलं. "हिने मला सांगितलं होतं. मी हसले. सुपारी तोंडात नसताना चुळीचं पाणी लाल पडलं, तेही पाहिलं. मेलं गिऱ्हाईक मोठं वाटलं मला!"

दमारिसने मान वर केली. "तू पाहिलं होतंस?"

"पाहिलं होतं गं."

नर्स बाळाला घेऊन आली. त्याला कुणाच्यातरी उघड्या छातीची ऊब हवी होती, आणि दमारिस तापाने थरथरत होती.

"आईकडे द्या," दमारिस म्हणाली. गेदिसा हात पुढे करून जवळ आली, तशी लेकीने तोंड भिंतीकडे फिरवलं. "नीट धर तिला. माझ्याशी मात्र बोलू नकोस."

गेदिसाने नातीला छातीशी धरलं. इवलासा श्वास कातडीला लागत होता. तोंडाशी आलेलं सगळं गिळून ती गप्प उभी राहिली.