बायकोच्या तीन मिनिटं पुढे

दुसऱ्याच्या यशाने ज्याला निखळ आनंद होतो तोच खरा खेळाडू, असं अनिलकुमार बिराजदार धावणाऱ्यांच्या ग्रुपवर दर सोमवारी सकाळी लिहीत असे. तेव्हा त्याची बायको अजून धावायला लागलेली नव्हती.

महेश्वरी धावायला लागली ती गुडघ्यांमुळे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण चालण्याचा तिला कंटाळा आला. अनिलकुमारने हौसेने बूट घेऊन दिले, कंबर तलावापाशी तिच्या शेजारी धावून श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं आणि भेटेल त्याला सांगितलं, "आमच्या मिसेसलापण लावलंय मी." जानेवारीतल्या हाफ मॅरेथॉनला, म्हणजे एकवीस किलोमीटरला, तो दोन तास एकवीस मिनिटांत पोचला. केळं सोलून संपेपर्यंत महेश्वरी समोर उभी. दोन तास चोवीस.

पाच वर्षं धावणारा पुरुष आणि आठ महिने धावणारी बाई, मध्ये अंतर तीन मिनिटांचं. सोमवारचे सुविचार बंद झाले.

गणपती झाल्यावर ग्रुपमध्ये युवराज नावाचा एक तरणाताठा कोच आला. त्याचं म्हणणं एकच: लांब धावणाऱ्याने आठवड्यातून दोनदा वजनं उचललीच पाहिजेत, नाहीतर शेवटच्या चार किलोमीटरला पाय साथ सोडतात.

"वजनानं माणूस जड होतो," अनिलकुमार सगळ्यांदेखत म्हणाला. "शर्यतीच्या घोड्याला कधी पोती उचलताना बघितलंय का?"

"सर, घोड्याला टाकीचं पाणी दुसऱ्या मजल्यावर न्यावं लागत नाही," युवराज म्हणाला. "वहिनींना लागतं."

सगळे हसले. महेश्वरी जरा जास्तच वेळ हसली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जिममध्ये नाव घालून आली.

दोन महिन्यांनी, अनिलकुमारच्या टॉवेलच्या दुकानात दुधनी गावचं गिऱ्हाईक बसलेलं असताना, तिने टॉवेलचा गठ्ठा जमिनीवरून उचलून फळीवर ठेवला. हा गठ्ठा एरवी दोघं उचलत.

"पाठ सरळ ठेवायची री," ती नवऱ्याला कानडी अदबीने म्हणाली. "जोर मांड्यांचा."

"शेठ, हमाल काढून टाकला काय?" दुधनीकर म्हणाला. अनिलकुमार मालकाने हसावं तेवढं हसला. रात्री मात्र ती झोपल्यावर त्याने टेपने आपली मांडी मोजली. तिची मोजायचा धीर झाला नाही.

जिमला जावं तर घोड्याचं उदाहरण आड येत होतं. घरी डंबेल आणावेत तर ती बघणार. अशात डिसेंबर उजाडला आणि गल्लीत नंदीध्वजाचा सराव सुरू झाला. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत या उंचच उंच काठ्या माणसं कमरेच्या पट्ट्यावर पेलून, दोन हातांनी उभ्या धरून गावभर मिरवतात. त्यासाठी महिनाभर आधीपासून संध्याकाळी सरावाची काठी घेऊन फेऱ्या मारतात. अनिलकुमार लहानपणापासून हे हात जोडून बघत आला होता. यंदा पहिल्यांदाच त्याला त्यात पोट, कंबर आणि मांड्या दिसल्या.

"मलापण शिकवा," तो चन्नवीरमामांना म्हणाला. मामा तीस वर्षं काठी धरत होते.

"इतकी वर्षं बोलावलो तर गुडघा दुखतो म्हणलाव," मामा म्हणाले. "आता एकदम भक्ती उतू चाललीय की."

"आतून वाटलं, मामा."

ते खरंच होतं. आतूनच वाटलं होतं.

घरात मात्र भलतंच झालं. महेश्वरी त्याच्यासाठी काठी धरताना घालायची पांढरी बाराबंदी शिवून घेऊन आली. देवाला निघालेला माणूस म्हणून ती त्याला वाकून नमस्कार करायची, आणि वाकताना तिची पाठ सरळ असायची. सरावात दोन फेऱ्यांत त्याला धाप लागे.

"काठीच्या टोकाकडं बघा मालक," मामा ओरडायचे. "रस्त्यावर कुणाला शोधलालाव?"

त्याच वेळेला महेश्वरी जिममधून परतत असे.

यंदाच्या हाफ मॅरेथॉनच्या आधीच्या आठवड्यात महेश्वरीने वजनं बंद केली. शनिवारी संध्याकाळी ती भिंतीला पाय लावून पडली होती.

"जिम सोडलीस?"

"युवराज म्हणलाय, शेवटचा आठवडा पाय ताजे ठेवायचे. तुमीपण आज जाऊ नका री."

ही वेळ सोडायची नाही, हे अनिलकुमारने तिथेच ठरवलं. एक तर ती थकली होती, नाहीतर त्याला थांबवायला बघत होती. त्या संध्याकाळी त्याने दोनच्या जागी सहा फेऱ्या मारल्या.

"संक्रांत उद्या न्हाय मालक," मामा म्हणाले. "अजून दहा दिवस हायत."

रविवारी पहाटे तो तिच्या पुढे सुटला आणि सोळा किलोमीटर पुढेच राहिला. दर वळणावर मागे बघत होता. सतराव्याला होटगी रोडवर डाव्या पोटरीत पेटका आला, मग उजव्या. तो दुभाजकाला धरून उभा असताना मागून ओळखीच्या बुटांचा आवाज आला. ते बूट त्यानेच घेऊन दिले होते.

"येन आयतु री?" काय झालं विचारत ती थांबली. तिने त्याला खाली बसवलं, टाच हातात धरून पाय ताणला आणि पोटरी चोळली. मग काखेत हात घालून, गठ्ठा उचलावा तसं त्याला उभं केलं.

"तू जा पुढे," तो म्हणाला. तिने जाऊ नये असं त्याला वाटत होतं, आणि थांबावं असंही वाटत नव्हतं.

"माझी वेळ काय पळून चाललीय? चला, हळू हळू."

शेवटचे चार किलोमीटर तिने त्याला गप्पा मारत आणलं. तिचा श्वासही फुलला नव्हता. शेवटची कमान दिसली. पन्नास पावलं राहिली असताना महेश्वरीने ओळखीच्या बायकांना हात केला, आणि अनिलकुमार दात आवळून सुटला. दोन्ही पोटऱ्या बोंबलत असताना तो तिच्या तीन सेकंद आधी पोचला.

"अगं बाई, जोर आला की तुम्हाला!" ती मागून येत म्हणाली. तिला मनापासून बरं वाटलं होतं, आणि हे त्याच्याने बघवेना.

दुपारी निकालाचा कागद लागला. दुकान सोडून तो लंगडत बघायला गेला. घेऊन जायला महेश्वरीच स्कूटरवर आली होती. गर्दीतून त्याने आपलं नाव शोधलं आणि त्याच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे बार्शीचे एक पोस्टमन होते.

बायकांचा निकाल दरवर्षी वेगळ्या कागदावर लावतात.