हिसका

थोरलीची लेक सासरी गेली, त्याच वर्षी धाकटीचा संयम संपला.

"दिलात ना पुन्हा हिसका! जाऊबाई, मी काय बैल आहे कासरा ओढायला?"

"बैल असतीस तर सरळ तरी चालली असतीस," थोरली म्हणाली. आजूबाजूच्या बाया खिदळल्या.

दोघी जावा इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायच्या. समोरासमोर उभं राहायचं, चारी टोकं धरून चादर ताणायची, दुमडायची, मग चालत जवळ यायचं आणि आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. थोरली मात्र दुमडण्याआधी उजव्या हाताने एक हिसका द्यायचीच. प्रत्येक चादरीला. धाकटीच्या डाव्या खांद्यात कळ जायची.

दोघींचेही नवरे एकापाठोपाठ गेलेले. एकाच खोलीत राहणं, एकच चूल. हळूहळू थोरलीचं सगळंच धाकटीला खुपायला लागलं. चमच्याने भांडं खरवडणं, झोपेत पुटपुटणं, उगीच खाकरणं. मुद्दाम करते बाई, असं तिला वाटायचं.

शेवटी ती मुकादमाकडे गेली. "माझी जोडी बदला. यांच्यापायी खांदा जाईल माझा."

मुकादमाने बदलली. थोरलीला त्याने ओल्या बाजूला धाडलं. तिथे यंत्रातून निथळत्या चादरी ओढून काढायच्या आणि खांद्यावर टाकून पिळणीपर्यंत न्यायच्या. पायाखाली सतत पाणी, डोक्यावर वाफ. थोरली चपला हातात घेऊन तिकडे गेली.

धाकटीच्या समोर चिमणी नावाने ओळखली जाणारी एक बुटकी बाई आली. पहिली घडी वाकडी आली. दुसरीही.

"अगं, डावा हात ढिला सोडतेस तू," चिमणी म्हणाली. "नीट धर की."

"माझा हात?"

"नाही, माझ्या सासूचा!"

दुपारी मुकादमाने गठ्ठा परत आणून आपटला. "ह्या घड्या आहेत की बोळे?"

धाकटीने चादर धरली आणि आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. टोक हळूच खाली उतरत होतं, तिला कळतही नव्हतं. कामावर लागली तेव्हा इस्त्रीयंत्राच्या तापलेल्या रुळाने हा हात भाजला होता. बरा झाला, असंच ती समजून चालली होती. इतकी वर्षं तिने थोरलीचा उजवा हात डोळ्यांत तेल घालून पाहिला होता. स्वतःचा डावा एकदाही नाही. हेच उतरलेलं टोक थोरली हिसका देऊन सरळ करत आली होती.

घरी गेल्या गेल्या तिने विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

थोरली भिंतीला टेकून खोकत होती. "चारचौघींत सांगायचं? मुकादमाच्या कानावर गेलं असतं, तर अधू म्हणून घरी बसवलं असतं तुला."

"मग घरी सांगायचं."

"घरी तू माझं ऐकून घेतेस कधी?" थोरली जरा हसली. "म्हटलं, चिडते तर चिडू दे. काम तरी राहील."

दुसऱ्या दिवशी धाकटी मुकादमासमोर उभी राहिली. "चूक माझी आहे. हात माझा अधू आहे. मला काढा हवं तर, पण त्यांना घड्यांवर घ्या."

"हाताचं मी ऐकलं नाही असं समजतो," मुकादम म्हणाला. "पण ओल्या बाजूला माणूस मिळेपर्यंत जमायचं नाही. जोड्या म्हणजे काय पत्त्यांचा डाव आहे, रोज पिसायला?"

ती रोज जाऊन विचारत राहिली. तिला पाहिलं की तो मान फिरवायचा. थोरलीचा खोकला वाढत गेला. रात्री तो सुरू झाला की धाकटीच्या कपाळावर जुनी आठी चढायची. मग त्या आठीचीच तिला भीती वाटायची. सगळं कळूनही आठी जात नव्हती. धाकटी उठून थोरलीच्या पाठीवरून हात फिरवायची, त्याच डाव्या हाताने.

ताप उतरेना, तेव्हा थोरलीला त्याच इस्पितळात ठेवलं. अंगावर त्यांच्याच धुलाईघरातली चादर होती, घडीच्या रेघा वाकड्या पडलेली. धाकटीने तिचं एक टोक थोरलीच्या उजव्या हातात दिलं, दुसरं आपल्या डाव्या हातात धरलं.

"जाऊबाई, ओढा."

थोरलीची बोटं मिटली. चादर ताणली गेली नाही.

"ओढा ना. मी काही बोलणार नाही."

थोरली त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, लेकीला पहिलं मूल होण्याआधी, न्यूमोनियाने वारली. तो सोमवार होता. ओल्या बाजूला नवा माणूस त्याच आठवड्यात आला.