पपईवर आलेला आळ

मित्रांनो, हाटकेश नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत भांडी घडवणाऱ्या गाळ्यांना लागून एक चार मजली इमारत आहे. तिच्या मागच्या अंगाला, गटाराच्या कडेशी, डोकं उडवलेलं एक खोड उभं दिसेल. तीच मी. मी पपई आहे आणि आता म्हातारी झाले आहे. पाच वर्षं म्हणजे तुम्हाला काहीच वाटणार नाहीत, पण आमच्यात पाच वर्षं टिकणारी विरळाच. त्यात माझा सगळा जन्म मार खाण्यात गेला. तेव्हा माझ्या बोलण्यात जरा तिखटपणा आला, तर सांभाळून घ्या.

माझी जात थोराड फळांची. हातगाडीवर दिसतात त्या आटोपशीर पपया आमच्या लांबच्या बहिणी. माझं एक फळ उचलायला दोन्ही हात लागतात. लांबोळकं, जाड गराचं, आतून लालसर केशरी. सरोजाने जालन्याला भावाच्या घरी असं फळ खाल्लं आणि त्याच्या बिया पदराला बांधून आणल्या. राखेत घोळवून वाळवल्या आणि तळमजल्यावरच्या आपल्या घराच्या मागच्या दाराशी पेरल्या. शेजारच्या गाळ्यात दिवसभर पत्र्यावर घाव पडायचे, जमीन हादरायची. बाकीची रोपं त्या हादऱ्यांनी म्हणा की घुशींनी म्हणा, गेली. मी तेवढी उरले.

सरोजाचे यजमान बापूराव त्याच गाळ्यात कामाला होते. सगळं आयुष्य ठोकठोक करण्यात गेल्यामुळे कुठलीही अडचण ठोकली की सुटते, अशी त्यांची पक्की समजूत. पहिल्या उन्हाळ्यात माझी फुलं गळाली. आमच्या जातीची फुलं उन्हाच्या तडाख्यात अशी गळतात, त्यात कुणाचा दोष नसतो. पण बापूरावांनी निकाल देऊन टाकला, “नर हाय हे झाड. याला खिळा मारावा लागतोय.” नर झाडाच्या खोडात खिळा ठोकला की ते घाबरून फळ धरतं, अशी त्यांच्या गावाकडची रीत.

“तुमच्या पोटरीत ठोकू का एक?” सरोजा दारातून ओरडली. “बघू, तुम्हाला काय धरतंय ते!”

बापूराव हसले आणि त्यांनी हातोडी उचलली. चांगला बोटभर जाडीचा, गंजका खिळा माझ्या अंगात आरपार गेला. मित्रांनो, झाडाला दुखतं की नाही, यावर तुमच्याकडे वाद चालतात असं ऐकते. माझ्यापुरतं सांगते, दुखतं. पुढे पाऊस आला, उकाडा ओसरला आणि माझी फुलं आपली आपण टिकली. फळं लागली. बापूराव सगळ्या इमारतीला सांगत सुटले, “बघितलं? एका खिळ्यात सरळ आली.” मला तोंड असतं तर मी चार शब्द सुनावले असते.

त्यानंतरची वर्षं कामाची. फळं लगडली की पलीकडच्या गल्लीतली पोरं दगड मारायची. निम्मे दगड फळांना लागायचे, निम्मे मला. बापूराव सुरी घेऊन यायचे आणि कच्च्या फळांवर उभे चरे ओढायचे. चीक वाहून गेला की फळ गोड पिकतं, म्हणे. पांढरा चीक माझ्या अंगावरून ओघळत राहायचा. कच्चं फळ किसून मटणाला चोळलं की निबर मटणसुद्धा मऊ पडतं. तो माझ्या चिकाचा प्रताप. तुमच्या कातडीवर पडला तर आग आग होते आणि डोळ्यात गेला तर विचारू नका. मी मार खाते, पण अगदीच गरीब गाय नाही, हे लक्षात असू द्या.

आणि तरी मला खायचं कसं, ते सरोजाकडून शिकावं. ती फळ पूर्ण पिवळं होईपर्यंत थांबत नसे. हिरव्यावर पिवळे पट्टे आले की हलकेच पिळून काढायची, कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायची. देठापाशी बोट रुतलं की फळ बाहेर यायचं. उभं चिरायचं, बिया चमच्याने काढायच्या, साल अशी सोलायची की हिरवी रेघ मागे राहायला नको. मग मोठ्या मोठ्या फोडी. त्यावर लिंबू, काळं मीठ आणि लाल तिखटाची नुसती चिमूट. पहिली ताटली वरच्या मजल्यावरच्या वासंतीबाईंकडे जायची. त्या गिरगावातून इकडे राहायला आलेल्या. “सरोजाताई, मार्केटमध्ये असली चव मिळत नाही हो,” असं त्या दर वेळी म्हणायच्या आणि दर वेळी मला ते नव्याने आवडायचं.

रवी हा सरोजाचा मुलगा, एका कुरियरच्या ऑफिसात नोकरीला. त्याचं लग्न होऊन निशा घरात आली. ती ताटलीतल्या फोडी संपल्यावर खाली साचलेला रसही पिऊन टाकायची. सरोजाचा जीव तिच्यावर तिथेच जडला असावा. मग निशाला दिवस गेले. सरोजाने त्याच दिवशी कच्ची पपई स्वयंपाकात बंद केली. चीक गरोदर बाईला वाईट, हे तिला ठाऊक होतं. पण पिकलेल्या फळाचा वास घरभर सुटायचा आणि निशाला डोहाळे नेमके त्याचेच. सरोजा नाही नाही म्हणत राहिली. शेवटी एका दुपारी तिला राहवलं नाही. तिने मागच्या दारात पूर्ण पिकलेल्या फळाची एक फोड निशाला दिली. वरच्या खिडकीत वासंतीबाई कपडे वाळत घालत होत्या.

पुढच्याच आठवड्यात निशाच्या पोटातलं बाळ गेलं.

निशा हॉस्पिटलात होती. रवी तिची औषधं देऊन आंघोळीपुरता घरी आला, तेव्हा वासंतीबाई भेटायला खाली उतरल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, डोळे भरून आले होते. पण भरल्या डोळ्यांनीही माणूस नको ते बोलून जातो. “मी बोलणार नव्हते रे रवी. पण मी बघितलंय. आईंनी तिला पपई दिली होती. अशा दिवसांत कोणी पपई देतं का?”

रवीने आईकडे पाहिलं. “दिलीस?”

“पिकली होती रे. एकच फोड. तिला लई वाटत होतं म्हणून…”

“दिलीस की नाही, एवढंच बोल.”

“दिली.”

स्वयंपाकघरात नारळ फोडायचा कोयता होता. तो घेऊन रवी मागच्या दाराने धावत आला. पहिला घाव फळांवर पडला. कित्येक महिने वाढवलेली फळं गटाराच्या काठावर आपटून फुटली, कच्च्या बिया चिखलात विखुरल्या. दुसरा घाव खोडावर. आमचं खोड मऊ, आतून पोकळ. कोयता अर्धाअधिक आत घुसला आणि त्याने तो पिळून ओढून काढला. तो शिव्या देत होता, रडत होता आणि मारत होता. माझा चीक त्याच्या हातांवर उडाला, गळ्यावर उडाला, भुवईवरून डोळ्याकडे ओघळला. मी तो मुद्दाम उडवला, असं म्हणता येणार नाही. पण उडाल्यावर मला वाईटही वाटलं नाही.

सरोजा मध्ये पडली. तिने मला दोन्ही हातांनी कवटाळलं. “झाडानं काय केलंय तुझं? मारायचं तर मला मार!”

रवीने तिच्या खांद्याला धरून तिला बाजूला ढकललं. ती गटाराच्या सिमेंटच्या कडेवर पडली. कोपर फुटलं आणि रक्त साडीवर उतरलं. बापूराव दारातच उभे होते. ते पुढे आले नाहीत. “तुझंच झाड, तुझाच हात,” ते म्हणाले. “आता भोग.” मग रवीने शेवटचा घाव घातला आणि माझं डोकं, पानांच्या सगळ्या छत्रीसकट, भिंतीपलीकडे गेलं.

मला ठेवलेलं नाव मी सहन केलं असतं. पण सरोजाला घरात जे सोसावं लागलं, ते बघवत नव्हतं. तिच्या हातचं कोणी जेवेना. रवी येताना बाहेरून पार्सल आणायचा आणि बापूराव मुकाट्याने तेच खायचे. ती फडकं बांधलेल्या हाताने भांडी घासायची, मागे येऊन माझ्या बुंध्याशी बसायची. मग एक दिवस तिने कपड्यांची पिशवी भरली. जालन्याला, भावाकडे जायला.

त्याच दुपारी हॉस्पिटलातून सुटून रिक्षातून निशा आली. चेहरा पांढरा पडलेला. तिने दारातली पिशवी पाहिली, सासूच्या हाताचं फडकं पाहिलं, मागच्या दारातून मला पाहिलं. “हे कोणी केलं?”

 रवी म्हणाला, “तू पपई खाल्लीस म्हणून झालं ना सगळं.”

“कोण बोललं तुला?” निशाचा आवाज चढला. “मी डॉक्टरीणबाईंना पहिलं हेच विचारलं. त्या बोलल्या, बाळाची वाढ आधीच थांबली होती. मी ती फोड खाल्ली त्याच्याही आधी. पिकलेल्या फोडीने असं काही होत नाही बोलल्या.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस का रवी? एकदा तरी विचारलंस?” ती धापा टाकत होती. “आणि समजा, पपईनेच झालं असतं. तरी आईंना असं ढकलायचं होतं?”

रवीचे हात चिकाने भाजून सोललेले होते. तो त्यांच्याकडेच बघत राहिला. बापूराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

घावांच्या खाली, बुंध्याजवळ, एक फळ वाचलं होतं आणि एव्हाना पिकलं होतं. निशाने वाकून ते पिळून काढलं. सरोजा म्हणाली, “अगं, वाकू नको, ताज्या दुखण्याची तू.” पण निशाने ऐकलं नाही. उंबऱ्यात बसून तिने ते उभं चिरलं, बिया काढल्या, साल सोलली, लिंबू पिळलं. पहिली फोड तिने सासूच्या तोंडात घातली, दुसरी आपल्या. दोघी खाता खाता रडत होत्या. वासंतीबाई जिन्यात उभ्या राहून हे बघत होत्या. त्या खाली आल्या नाहीत.

रवीने हात पुढे केला. “आई, दे ना.”

“ताटली तिथं हाय. घे तुझी तू,” सरोजा म्हणाली. “माझ्या हातनं मागू नको. आत्ता नाय.”

मग तिने पिशवी उचलली. बापूराव ती घ्यायला पुढे झाले, तर तिने दिली नाही. निशाला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला आणि ती जालन्याला निघून गेली. खरं काय ते सगळ्यांना कळलं होतं, तरी गेली. मला वाटतं, बरंच केलं.

मित्रांनो, खोड उघडं राहिलं की पोकळीत पाणी साचून आम्ही कुजतो. रवीने गाळ्यातून एक पातेलं आणलं आणि माझ्यावर उपडं घातलं. त्याखालून, बाजूने, मला आता फुटवे येत आहेत. मी त्याला माफ केलेलं नाही. पण फुटवे काही माझी परवानगी घेऊन येत नाहीत.

माझी तुम्हाला विनंती एवढीच. आम्हाला खिळे मारू नका, दगड मारू नका. संशय आला तर आधी विचारा. आमच्यावर उचललेला हात आमच्यापाशी थांबत नाही, तो घरात शिरतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. छाटलं तरी मी पुन्हा फुटते. आज सकाळी रवी आईला आणायला जालन्याला गेलाय. ती त्याच्याबरोबर येईल की नाही, हे मात्र मला सांगता येत नाही.