वीतभर अंतर

लवूने काठी विमानाच्या पंख्याखाली उभी धरली आणि जमिनीपासून खालच्या पात्यापर्यंतचे अंतर चाकूने काठीवर कोरून घेतले. हातभर भरले. मग तीच काठी घेऊन तो सड्याच्या, त्या उघड्या कातळमाळाच्या, पार टोकाला, वाळल्या गवतातल्या एका दगडापाशी आला. दगड वीतभर वर होता.

"ऱ्हाऊ दे ह्यो," तो मागून आलेल्या सगुणाला म्हणाला. "पातं वरनं जाईल."

मुंबईला निघालेले ते तीन इंजिनांचे विमान पाच दिवसांपूर्वी बिघाड होऊन रत्नागिरीजवळच्या या कातळावर उतरले होते. उतारू बोटीने पुढे गेले. इंजिन दुरुस्त झाले. पण उडायला सहाशे पावलांची सपाट वाट हवी होती, आणि लवू चिऱ्याच्या खाणीवरचा मुकादम होता म्हणून ते काम त्याच्याकडे आले. वाटेत एकही दगड वर राहता कामा नये, असे विमानाच्या मेस्त्रीने बजावले होते. चाळीस माणसांनी कातळ तासला. वाटेतच येणारा हा एक दगड मात्र लवूने कुणाला शिवू दिला नव्हता. धाकट्या भावाच्या, जानूच्या नावाने तो त्यानेच बसवला होता. सात वर्षांपूर्वी जानू मचव्यासकट पावस गावासमोरच्या समुद्रात बुडाला. प्रेतही हाती लागले नाही. सगुणा ही जानूची बायको.

थोरल्या दिरासमोर ती कधी फारशी बोलत नसे. आज ती दगडाकडे न पाहता विमानाकडे बघत राहिली. ते शेपटीवर बसले होते, नाक आभाळाकडे.

"धावताना शेपूट उचलतं, मेस्त्री सांगत व्हते," ती म्हणाली. "मंग तोंड खाली येनार. पातं बी."

"आलं तरी चार बोटं ऱ्हातील."

सगुणाने पदर सावरला.

"मचवा चिऱ्यांनी भरलात तवा बी असंच म्हनालात, भावजी. काठ पान्यावर वीतभर हाय, पुरे."

लवूने काठी दगडाला टेकवली. ती नीट टेकेना. त्याने पुन्हा टेकवली.

"जानू नको म्हनत व्हता," तो म्हणाला. "ह्ये मी कुनाला सांगितलं नाय."

"मला म्हाईत हाय. निघताना सांगून गेले ते."

"आनि तू सात वर्सं बोलली नाहीस?"

"ह्या दगडापाशी तुमाला रडताना बगितलंय मी."

लवूने पहार आणली. दगड खोल रुतला होता. शेवटी सगुणाने दुसऱ्या बाजूने खांदा लावला, तेव्हा तो सुटला. दोघांनी तो वाटेबाहेर लोटला, खड्ड्यात माती भरली आणि पायांनी दाबली.

दुपारी विमान धावत आले. लवू वाटेपासून दूर, गवतात उकिडवा बसून बघत होता; सगुणा मागे उभी होती. शेपूट उचलले, नाक खाली झुकले. दगडाच्या जागेवरून जाताना फिरते पाते आणि जमीन यांच्यामध्ये त्याला उजेडाची एक बारीक चीर दिसली. वीतभर तर नव्हतीच. मग नुसती धूळ. ती विरली तेव्हा विमान समुद्रावर पोचले होते आणि माणसे ओरडत होती.

लवू उठला.

"सगुणा, बंदरावर येशील?" त्याने विचारले. "मचवा कुठं भरला, जानू शेवटी काय काय बोलला, तितंच सांगतो. समदं."

गावाची वाट सोडून सगुणा बंदराकडे उतरू लागली.