तोटीचा काळा दोरा

नळाला पाणी यायचं त्या दुपारी मंजुषाला वाचायला मिळायचं. टाकी भरून वाहू नये म्हणून गच्चीवर कुणीतरी बसायला लागतं, आणि ते काम तिचंच. मांडीवर श्रेया झोपलेली, तिच्या जावळाला दुधाचा वास, आणि त्या इवल्या डोक्यावरून, पान वाजू न देता, तिची आई वाचत असायची.

क्रांती चौकातल्या वाचनालयातून आणलेली कादंबरी काळीज कुरतडणारी होती. तिच्यातला नवरा बायकोवर कधी हात उगारत नाही. वस्तू तेवढ्या हलवतो आणि मायेनं म्हणतो, तू विसरलीस. हळूहळू तिलाही ते पटतं. जेवताना मंजुषानं ही गोष्ट हौसेनं नवऱ्याला, इंद्रजीतला, सांगितली होती. तो हसला, असलं वाचतेस म्हणून झोप लागत नाही म्हणाला, आणि भाजी वाढून घेतली.

शाळेत परत शिकवायला जाईन, असं तिनं म्हटल्यापासून भरलेली टाकी सकाळी रिकामी निघू लागली होती. तळाची तोटी उघडी. इंद्रजीत आवाज न चढवता टँकर मागवायचा आणि शेजाऱ्यांना सांगायचा, बाळंतपणापासून विसरतेय बिचारी. मंजुषाही तेच समजून चालली होती. आता तो म्हणत होता, उद्या गॅस चालू राहिला तर? पोरीला फर्दापूरला माझ्या आईकडं ठेवू, तू बरी होईपर्यंत.

पुस्तक अर्ध्यावर आलं तशी 'तू विसरलीस' पुन्हा आलेल्या एका पानाशी ती अडकली. हेच तर इंद्रजीत म्हणतो. श्रेयाच्या पायातला आखूड झालेला काळा दोरा तिच्या पदराच्या गाठीत होता. तोटी बंद करून तिनं तो तोटीवर गच्च बांधला. कुणाला सांगितलं नाही.

सकाळी तोटी उघडी होती. दोरा खाली पडलेला, कापलेला.

आपण वेड्या नाही याचा आनंद व्हायला हवा होता. पण दोरा कापणारा घरातलाच होता. तिनं देवगाव रंगारीला आईला, चंपाबाईला, फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "आई, मी काही विसरत नाही गं."

चंपाबाई म्हणाली, "जावयांचा फोन आला व्हता, माय. म्हनले, पुस्तकातलं तिच्या डोक्यात बसलंय. तोटीला दोरे बांधतीय."

"दोऱ्याचं त्यांना कसं कळलं, आई?"

"नवरा हाय तुजा. त्याला नाय कळनार तर कुनाला?"

रविवारी फर्दापूरहून सासूबाई आल्या, देवगावहून चंपाबाई. नातीची दुपटी, कुंची चंपाबाईनंच पिशवीत भरली, डोळे पुसत, लेकीचं भलं होईल म्हणून. गाडीत सासूबाईंच्या मांडीवर श्रेया हसत होती. तिला वाटलं, फिरायला निघालो. पुस्तक इंद्रजीतनं परत करून टाकलं होतं. त्यातली बायको सुटली की नाही, ते मंजुषाला कळलंच नाही.

पुढं पाणी आलं त्या दुपारी ती गच्चीवर रिकाम्या मांडीनं बसली. टाकी भरली. तिनं तोटी आवळली, पुन्हा आवळली, जिना उतरली. खालच्या पायरीवर तिचा पाय थबकला.

बंद केली होती ना?

ती परत वर चढू लागली.