दुसऱ्या घरचा धवला

मनुबाईने बोंबलांच्या दोरीला गाठ मारली आणि तिचा हात तिथेच थांबला. वरच्या आळीतून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

आवाज तिचाच होता, शंकाच नको. पहिल्या ओळीनंतर हळूच खाकरायची तिची जुनी खोड. भोंग्याने ते खाकरणंही इमानेइतबारे गावभर ऐकवलं. चाळीस वर्षं मनुबाई या गावच्या लग्नांत धवलारीण होती. भटजी यायच्या आधी तिने यायचं, धवले गाऊन देवांना आणि त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी लग्नाला बोलवायचं, आणि मगच नवरदेवाला हळद लागायची. आज सखुबाईच्या नातवाची, प्रणयची हळद होती. मनुबाई सकाळपासून नऊवारी नेसून तयार होती. आपले गुडघे दुखतात हे सगळ्यांना माहीत, तेव्हा गाडी पाठवतील, या भरवशावर तिने वेळ जायला बोंबील घेतले होते.

गाडी येणार नव्हती. तिचा आवाज तिच्याआधीच मांडवात जाऊन बसला होता.

तिला आधी हसूच आलं. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं म्हणतात, इथे तर लग्न बिनविघ्न चाललं होतं आणि फक्त धवलारीण तेवढी घरी राहिली होती. मग तिने कान दिला आणि हसू मावळलं. हे गेल्या वर्षीचं गाणं होतं. दयारामच्या मुलाच्या, प्रज्योतच्या हळदीतलं. प्रज्योतची बहीण नेत्रा तेव्हा मोबाईल घेऊन समोर बसली होती, आणि चार दिवसांनी आख्खा धवला इंटरनेटवर. "आजी, चार लाख लोकांनी बघितलं तुला!" असं सांगत ती नाचत आली होती.

"आनि नावं?" मनुबाईने विचारलं होतं. "ती कानात सांगतात पोरी. काढून टाक ते."

"कोणाला काय कळतंय आजी, कोण नामा आणि कोण हिरू!"

नेत्राचं एका अर्थी खरंच होतं. चार लाखांना काय कळणार होतं? धवला सुरू व्हायच्या आधी घरातली सगळ्यात म्हातारी बाई धवलारणीच्या कानात गेलेल्यांची नावं सांगते. ती मांडवात एकदा घ्यायची आणि विसरायची, ही रीत. दयारामच्या आईने, गोदूने, मनुबाईच्या कानात सात नावं सांगितली होती. सातवं नाव केसरचं, दयारामच्या पहिल्या बायकोचं.

केसर सखुबाईची लेक होती.

मनुबाईने हात पुसलेसुद्धा नाहीत. पहिल्या बाळंतपणात केसर गेली, त्याला एकतीस वर्षं झाली. सासरच्यांनी माहेरी कळवलं ते चिता विझल्यावर. तेव्हा सखुबाईच्या नवऱ्याने उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं होतं, या घरात पुन्हा ते नाव कोणी घ्यायचं नाही. नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. दोन्ही घरांतला अबोलाही त्याच्यामागे हळूहळू विरला. त्याचा शब्द तेवढा अजून उंबऱ्यावर उभा होता. सखुबाई लेकीचं नाव घेत नसे, आणि गावानेही तिच्यासमोर कधी घेतलं नव्हतं. आता ते भोंग्यावरून, भर मांडवात, पाहुण्यांसमोर घेतलं जाणार होतं, आणि तेही मनुबाईच्याच तोंडून.

ती मिठागराच्या बांधावरून निघाली. रस्त्याने गेलं तर लांब पडलं असतं. गाणं कुठवर आलंय ते तिला चालता चालता कळत होतं. भोंग्यातली मनुबाई आत्ता एकवीरेला बोलवत होती. मग जेजुरीचा खंडोबा, मग हरिहरेश्वर, मग गावदेवी, मग दर्या, आणि त्यानंतर माणसं. जन्मात पहिल्यांदा तिला वाटलं, आपण देवांना फार भराभर बोलावतो. प्रत्येकाला अजून दोन-दोन ओळी दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

बांधाच्या मधोमध गुडघा अडला. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि गुडघ्याला ठेवणीतली शिवी दिली. दर्या संपला होता. "नामा बाबा या मांडवात," भोंगा गाऊ लागला.

ती मांडवात शिरली तेव्हा सात नावांतले सहा जण आत आले होते. प्रणयची आई शिवानी हळदीचं ताट घेऊन उभी होती, बायका पाटाभोवती बसल्या होत्या, आणि उखळापाशी सखुबाई हळद कांडत होती. नेत्रा समोरच होती. लग्नाच्या रील काढायला शिवानीने तिलाच बोलावलं होतं. भोंग्याला तिचाच फोन जोडलेला होता.

"बंद कर ते!" मनुबाई ओरडली.

तिचा आवाज तिच्याच आवाजात बुडाला. "केसर बाय, ये गो मांडवात," भोंग्याने म्हटलं. "हलदीला ये गो, माय वाट बगते."

सखुबाईच्या हातातलं मुसळ वरच्या वर राहिलं. म्हाताऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. नेत्राने घाईघाईने फोन बंद केला. केसर ही आपल्या बापाची पहिली बायको, एवढं तिला माहीत होतं. ती कोणाची लेक, हे तिला आत्ता सखुबाईच्या चेहऱ्याकडे बघून कळलं.

शिवानी पनवेलची. तिला काहीच कळलं नाही. "केसर कोण, आई?" तिने सासूला विचारलं.

उत्तर मनुबाईने दिलं.

"शिवानी, हा धवला दयारामच्या घरचा हाय. त्याची सात मानसं तुझ्या मांडवात येऊन बसलीत, आनि तुझा सासरा बाहेर उभा हाय. त्याला कोनी बोलावलाच न्हाय."

"अगं आई गं!" शिवानीने ताट खाली ठेवलं. "मावशी, आवाज तुमचाच, म्हणून मला वाटलं चालेल. तुमचे गुडघे दुखतात, कशाला त्रास द्यायचा..."

"गुडघं दुखतात. गला न्हाय दुखत."

कोणीतरी फिसकन हसलं. शिवानी मात्र मनापासून ओशाळली होती. तिने पुढे होऊन मनुबाईला हाताला धरून पाटावर बसवलं. मनुबाईचा राग तेवढ्यावरच निवला. रागवायला तिला वेळही नव्हता. आलेल्यांना परत पाठवायचं काम पुढे होतं.

"बंद कशाला केलंस?" सखुबाईचा आवाज आला.

नेत्रा दचकली. "आजी, चुकलं माझं. मी आत्ता काढून टाकते सगळं."

"काढू नको. लाव परत. ती येते ना, तिथनं लाव."

नेत्राने मनुबाईकडे बघितलं. मनुबाईने होकारार्थी मान डोलावली. पोरीने भोंग्याची वायर काढली, फोन सखुबाईच्या कानाशी नेला आणि बोटाने गाणं मागे सरकवलं. बारीक आवाजात फोन म्हणाला, केसर बाय, ये गो मांडवात.

"आजून येक डाव."

तिसऱ्यांदा ऐकल्यावर सखुबाईला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. दिलेली लेक सासरच्या माणसांत धरायची, माहेरच्या धवल्यात तिचं नाव घ्यायचं नाही, ही रीत तर होतीच. त्यावर नवऱ्याचा शब्द. एकतीस वर्षांत या घरात चार लग्नं झाली होती. चारही धवले मनुबाईनेच गायले होते, आणि चारही वेळा सखुबाई तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळी नावं सांगून झाल्यावर थोडी थांबली होती. ते थांबणं मनुबाईला आज आठवलं. तेव्हा तिला वाटलं होतं, म्हातारी दम खातेय.

तिने पदर खोचला आणि खाकरली. नेत्राचा हात सवयीने फोनसकट वर आला. मनुबाईने नुसतं बघितलं. नेत्राने फोन तांदळाच्या सुपात पालथा ठेवला.

आलेल्या पितरांना परत पाठवायचा धवला कोणी कधी गायला नव्हता. तो मनुबाईने तिथल्या तिथे रचला, आणि तिचं तिलाच कौतुक वाटलं. चुकून हाक गेली, रागवू नका, असं तिने सगळ्यांना सांगितलं. मग एकेकाला नावाने निरोप दिला. नामा बाबा, तुझ्या घरी जा. हिरू आजी, तुझा नातू वाट बघतो. कोणाला पानसुपारी दिली, कोणाला बांधापर्यंत वाट दाखवली. बायका मागून ओळ उचलत होत्या. नेत्रा आपल्या घरची नावं बोटांवर मोजत होती. सहाव्या बोटावर मनुबाई थांबली.

"आजी," नेत्रा तिच्याकडे सरकून हळूच म्हणाली, "एक राहिलं."

मनुबाईने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ती वळली आणि तिने सखुबाईपुढे कान केला.

"तुझी सांग आता."

सखुबाईने नावं सांगितली. किती सांगितली आणि कोणाची, ते मांडवात कोणाला ऐकू गेलं नाही. सांगून झाल्यावर ती थांबली नाही. लगेच डोळे पुसून तिने मुसळ उचललं.

"शिवानी," कांडता कांडताच ती मोठ्याने म्हणाली, "जेवनाला पान येक जास्तीचं मांड. माझ्या बाजूला."

कोणासाठी, असं शिवानीने विचारलं नाही. ती वळण्याआधीच नेत्रा उठली होती. सुपातला फोन थरथरत वाजत होता, पण तिने मागे वळून बघितलं नाही. तिने आतून एक पाट आणला, पदराने पुसला आणि सखुबाईच्या पाटाला लागून मांडला.